काका, त्या "आधी तू बघ"साठी

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी हातात आणून दिलं असतं, तर तुम्ही ते घडी करून खिशात टाकलं असतं आणि "ते राहू दे, ग्रुप कसा पडतोय ते सांग" म्हणाला असतात. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळलीय. बाकी मात्र काही झाकून ठेवणार नाही, कारण मनात जे साचलं होतं ते अजून पुरतं निवळलेलं नाही. आभार मानायला बसले की डोळे भरून येतात, आणि त्यामागोमाग रागही येतो. दोन्ही या पत्रात येईल.

ज्यांचा नेमबाजीशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. हे काका रायफली दुरुस्त करतात. आणि ग्रुप म्हणजे एकाच नेमावर लागोपाठ मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा कागदावरचा पुंजका. ५० मीटर प्रोन म्हणजे पालथं झोपून .२२ रायफलने मारायचं. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, नऊचं २६.४ मिलिमीटरचं, आणि गोळी स्वतः ५.६ मिलिमीटर जाडीची. आमचं सगळं सुखदुःख एवढ्या जागेत मावतं. आम्हाला एक सवय लावलेली असते. गोळी सुटली की स्कोपमध्ये, म्हणजे टार्गेट बघायच्या दुर्बिणीत, डोकावण्याआधी ती कुठे लागली असेल ते स्वतःशी सांगायचं. याला कॉल म्हणतात. चाप सुटला त्या क्षणी नेम धरायची साइट नेमकी कुठे होती हे ज्याला दिसतं, त्याचा कॉल खरा ठरतो. ही नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, आणि एकदा आली की नेमबाजाला तिच्याइतका दुसरा आधार नसतो.

माझे कॉल खोटे पडायला लागले. मधोमध दहा म्हणावं आणि स्कोपमध्ये दिसावा आठ, तोही घड्याळातल्या चारच्या दिशेला. पुढची गोळी तितकीच स्वच्छ सुटावी आणि घड्याळातल्या दहाच्या दिशेला नऊ लागावा. मग दोन-तीन छान दहा, आणि पुन्हा एखादी भरकटलेली. सगळ्याच गोळ्या वाईट लागत असत्या तरी परवडलं असतं. मधूनच एखादी वाईट लागते तेव्हा दोष कशात शोधायचा तेच कळत नाही. माणूस आधी स्वतःवर संशय घेतो, आणि त्या संशयाला खतपाणी घालायला भोवताली माणसं तयारच असतात.

एका अनुभवी गृहस्थांनी माझ्या टार्गेटचा एकही कागद न बघता सांगितलं की तुझं मन थाऱ्यावर नाही. श्वासाकडे लक्ष दे, झोप नीट घे, स्पर्धेचा विचार करू नकोस. दुसऱ्यांनी खांद्याचा विषय काढला, मुलींना जड रायफल पेलत नाही वगैरे. हीच रायफल मी त्याआधी कितीतरी काळ पेलत होते आणि तिच्यावर चांगले स्कोअर मारत होते, ते त्यांना आठवावंसं वाटलं नाही. ज्यांच्याकडे रायफल आधीही दिली होती आणि आता पुन्हा दुरुस्तीला दिली, ते ती घेऊन आत गेले. दार लावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते एक टार्गेट हातात घेऊनच. त्यावर तीन गोळ्या, जवळजवळ एकाच भोकात. "रायफल उत्तम आहे, हात तपासा." पुढे दुसऱ्या एकाने नळीत नुसता उजेड टाकून पाहिला आणि फर्मावलं, नळी गेली, बदलून टाका.

तीन गोळ्या! काका, या तीन गोळ्यांवर तुम्ही जे बोललात ते मी आता नव्या मुलामुलींना शब्दशः सांगते. बिघडलेली रायफलसुद्धा तीन गोळ्या एकत्र लावून दाखवते, कारण भरकटणारी गोळी कधी येणार हे ठरलेलं नसतं. निदान दहा गोळ्यांचा ग्रुप हवा, तोही एक नाही, लागोपाठ काही. त्या गृहस्थांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ज्यांनी आयुष्य या कामात घालवलं त्यांना ते ठाऊक असतंच. तीन गोळ्या चांगल्या लागल्या तिथे ते थांबले, कारण थांबणं सोयीचं होतं. त्या तीन गोळ्यांच्या जोरावर मी कित्येक रात्री स्वतःला दोष देत जागी राहिले, याचा राग मला अजून आहे आणि तो असावा असंच मला वाटतं.

तुमच्याकडे आले तेव्हा रायफल पेटीतून काढायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "ती असू दे. कागद आणलेस का?" जुने टार्गेट मी जपून ठेवते आणि प्रत्येक गोळीचा कॉल वहीत लिहिते, हे तुम्ही विचारून घेतलंत. मग टेबलावरची हत्यारं बाजूला सारून ते सगळे कागद पसरलेत, वही शेजारी ठेवलीत आणि एकेका भोकावर पेन्सिलचं टोक टेकवत कॉल वाचत गेलात. तोपर्यंत माझी ती वही कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

तुम्ही वाचताना पुटपुटत होतात, त्यातून मला पहिल्यांदा कळलं की कागद बोलतो. गोळ्या उभ्या रेषेत पसरल्या असत्या तर तुम्ही काडतुसांवर संशय घेतला असतात. .२२ची गोळी नळीतून साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, आणि त्यात दहा मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर वरखाली लागते. आडव्या रेषेत पसरल्या असत्या तर वारा. एकाऐवजी दोन वेगवेगळे ग्रुप पडले असते तर सैल स्क्रू, हललेली साइट किंवा बिघडलेलं बेडिंग, म्हणजे स्टॉकमध्ये (दस्त्यात) रायफल जिथे टेकून बसते ती बैठक. माझ्या कागदांवर यातलं काहीच नव्हतं. चांगल्या गोळ्यांचा गाभा आपल्या जागी, आणि भरकटलेल्या गोळ्या घड्याळाच्या सगळ्या आकड्यांवर. शिवाय ज्या गोळ्यांचा कॉल मीच वाईट दिला होता, त्या बहुतेक मी म्हटलं त्याच दिशेला गेलेल्या. यावर तुम्ही मान वर करून म्हणालात, "स्वतःची चूक जिला इतकी नेमकी दिसते, तिला स्वतःची चांगली गोळीही दिसत असणार." आणि पुन्हा कागदात डोकं घातलंत. हे तुम्ही धीर द्यायला म्हटलं नव्हतं. तुमच्या लेखी तो एक निष्कर्ष होता, म्हणून तर तो मला इतका लागला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते सगळं इथे सांगत बसत नाही. रायफल शिकंज्यात बांधून दहादहाचे ग्रुप मारलेत, म्हणजे माझा हात, माझा श्वास, माझं मन सगळं बाजूला झालं. ग्रुप तरीही फुटला. शिकंज्यातल्या रायफलला कसलं आलंय स्पर्धेचं दडपण! मग टॉर्क पाना घेऊन स्टॉकचे स्क्रू, मग साइट, मग वेगळ्या लॉटची काडतुसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मारून बघायचं, हा तुमचा हट्ट. मी घाईला आले होते. दोन गोष्टी एकदम करून टाकू म्हणाले, तर तुम्ही शांतपणे उत्तर दिलंत, "मग ग्रुप सुधारला तरी कशाने सुधारला ते आपल्याला कळणार नाही." आपल्याला. हा शब्द माझ्या कानात राहिला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती सांगते.

तुम्ही बोअरस्कोप काढलात. नळीत घालायची ती बारीक लांब दुर्बीण, टोकाला छोटा आरसा आणि दिवा. नळी आडवी बसवलीत, दुर्बीण आत सरकवलीत, उजेड लावलात. मला वाटलं आता तुम्ही डोळा लावणार, बराच वेळ हुं हुं करणार आणि मग मला निकाल सांगणार. आजवर तसंच होत आलं होतं. पण तुम्ही स्टुलावरून उठलात, स्टूल माझ्याकडे ढकललंत आणि म्हणालात, "आधी तू बघ. मग मी बघतो. माझं आधी ऐकलंस तर तुला तेच दिसेल."

काका, तुमच्यासाठी हे काही विशेष नसेल. तुम्ही कदाचित विसरूनही गेला असाल. मी त्या स्टुलावर बसले तेव्हा माझे हात थरथरत होते. इतके दिवस माझ्या रायफलबद्दल, माझ्या हाताबद्दल, माझ्या मनाबद्दल जो तो मला सांगत होता. बंद दाराआड काय पाहिलं ते मला कुणी दाखवलं नव्हतं. आणि इथे सगळ्यात जाणता माणूस स्वतः बघायच्या आधी मला जागा करून देत होता, माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवून.

मी पाहिलं. सुरुवातीला काही उमगेना, नुसत्या चकाकत्या पिळाच्या खाचा. तुम्ही मागे उभे राहिलात, एक शब्द न बोलता, कसलीही घाई न करता. मग चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, जरा पुढे, पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथे, मला एक काळपट कडं दिसलं. मी म्हटलं, इथे काहीतरी जमलंय. तुम्ही म्हणालात, "पुढे जा." दुर्बीण हळूहळू तोंडाकडे सरकवत गेले. मधली नळी आरशासारखी. अगदी शेवटी, नळी संपते त्या काठावर, खालच्या बाजूला, उजेड एका ठिकाणी वेगळाच चमकला. तिथे काय आहे ते मला सांगता येईना. तेव्हा तुम्ही कान साफ करायची कापसाची काडी माझ्या हातात दिलीत. नळीच्या तोंडात घाल आणि हलकेच काठावरून बाहेर ओढ, चारही बाजूंनी. वरून ओढली, सुरळीत आली. डावीकडून, उजवीकडून, तशीच. खालून ओढली तर कापूस अडकला. दोनतीन पांढरे तंतू काठाला चिकटून राहिले.

त्यानंतर तुम्ही डोळा लावलात. बराच वेळ पाहिलंत. आणि म्हणालात, "बरोबर पाहिलंस. दोन्ही."

ते काळं कडं म्हणजे दारू, मेण आणि काडतुसाच्या पेटत्या मसाल्यातली काचेची पूड यांचा जळून घट्ट बसलेला थर. तो काढल्यावर ग्रुप थोडा आवळला, पण भरकटणाऱ्या गोळ्या काही थांबल्या नाहीत. खरं दुखणं होतं ते काठावरच्या कापूस अडकणाऱ्या जागेचं. नळीच्या तोंडाचा हा काठ, ज्याला आम्ही क्राउन म्हणतो, गोळीच्या बुडाला शेवटचा स्पर्श करतो. तिथून गोळी सुटते तेव्हा ती सेकंदाला आठशेहून जास्त गिरक्या घेत असते, आणि तिच्या मागून वायू तिच्याहूनही वेगाने बाहेर पडतो. काठ सगळीकडून सारखा असेल तर वायू सगळीकडून सारखा सुटतो. एका बाजूला खरवड असेल तर तिथून तो क्षणभर आधी निसटतो, बुडाला एका अंगाने धक्का बसतो आणि गोळी नीट न सोडलेल्या भोवऱ्यासारखी डोलत निघते. शिवाय शिसं मऊ; काठावरची बर, म्हणजे वर आलेली धातूची धार, त्या बुडाला ओरखडतेही. तुम्ही त्या वेळी डॉ. फ्रँकलिन मान या अमेरिकन संशोधकाबद्दल सांगितलंत. त्यांनी मुद्दाम गोळ्यांची टोकं आणि बुडं बिघडवून मारून पाहिली आणि १९०९ साली लिहून ठेवलं, की टोक चेपलं तरी गोळी बऱ्यापैकी जागेवर जाते, बूड बिघडलं की मात्र भरकटते. इतकी जुनी माहिती, आणि इतक्या जाणत्या माणसांपैकी एकालाही तो काठ कापसाने तपासावासा वाटला नाही.

ती खरवड कशी आली हेही उघड होतं. नळी साफ करायचा रॉड चेंबरच्या बाजूने, गाइड लावून घालायचा असतो, म्हणजे तो नळीच्या मधोमध चालतो. कुणीतरी तोंडाकडून उघडा पोलादी रॉड घालून घासघास घासलं होतं. रायफल माझ्या हातात असताना ती तशी कधी साफ झालेली नाही, त्यामुळे बंद दाराआड काय झालं असेल ते मला कळायचं ते कळलं. मी तावातावाने ते नाव घेतलं. तुम्ही मला थांबवलंत. "कुणी केलं ते आपण पाहिलेलं नाही. काय झालंय ते पाहिलंय. तेवढंच दुरुस्त करता येतं." ज्याला तुम्ही ओळखता, ज्याच्यामुळे तुम्हाला हे काम करावं लागलं, त्याच्याबद्दल एक वावगा शब्द तुमच्या तोंडून आला नाही. मला ते त्या वेळी पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही, पण तुमच्याबद्दलचा आदर त्याने दुणावला.

दुरुस्ती लेथवर झाली. टोकाचा मिलिमीटरभरही भाग गेला नाही. त्याआधी नळीचं भोक बाहेरच्या व्यासाच्या बरोबर मध्यात नसतं म्हणून तुम्ही भोकाचाच मध्य धरून ती जुळवत बसलात, डायलचा काटा स्थिर होईपर्यंत. त्या जुळवण्यातच सगळा वेळ गेला, प्रत्यक्ष कापणं क्षणात आटोपलं. मग पुन्हा कापसाची काडी माझ्या हातात. वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. एक तंतू अडकला नाही.

आणि शिकंज्यातून मारलेला तो पहिला दहाचा ग्रुप! दहाही गोळ्या दहाच्या वर्तुळात. दुसरा तसाच. तिसराही. तुम्ही तरी म्हणालात, अजून मार, नळी साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. नंतर मी प्रोनमध्ये झोपले, कॉल केला, स्कोपमध्ये पाहिलं, आणि गोळी तिथेच होती. पुढची तिथेच. वाईट सुटलेली एक नऊ गेली, तीही मी म्हटलं त्याच बाजूला, आणि त्या नऊचा मला दहापेक्षा जास्त आनंद झाला. माझी नजर मला परत मिळाली होती.

नळी बदलायला सांगणाऱ्यांना एवढंच सांगायचंय, की तुम्ही ज्या नळीला मेलेली ठरवलंत तिच्यात अजून उदंड आयुष्य आहे. .२२मध्ये दाब कमी, दारू कमी, शिसं मऊ. ती नळी मोठ्या रायफलींसारखी काही हजार गोळ्यांत झिजत नाही. नव्या नळीचा खर्च मला झेपणार होता की नाही, हे विचारण्याची तसदीही कुणी घेतली नव्हती. काकांनी विचारलं नाही, कारण त्यांनी आधी नळी पाहिली.

कौशल्य असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या खेळात त्यांची वाण नाही. पण ज्ञान हातात आलं की ते मुठीत धरून ठेवायचा मोह भल्याभल्यांना होतो. समोरच्याला कळलं तर आपलं महत्त्व कमी होईल ही धास्ती असते. तुमच्याकडे त्याचा मागमूस नाही. दुरुस्ती चालू असताना दार उघडं होतं, शेजारची दोन मुलं येऊन बघत उभी राहिली, त्यांनाही तुम्ही दुर्बीण दिलीत. आलेल्या माणसाला त्याच्या वस्तूपासून, त्याच्या दुखण्यापासून दूर लोटायचं नाही, हा साधा सज्जनपणा आहे. डॉक्टर, मास्तर, वकील, मेकॅनिक, कुणाकडेही तो भेटला की माणूस अर्धा तिथेच बरा होतो. मला तो फार उशिरा भेटला, पण भेटला.

जाता जाता एक काम. आमच्या रेंजवर एक मुलगी आहे, नुकतीच .२२वर आलेली. तिलाही "मन थाऱ्यावर नाही" ऐकवून झालंय. मी तिला कॉलची वही घालायला लावली आणि कागद जपून ठेवायला सांगितले. ते मी पाहिले आहेत. दोन वेगळे ग्रुप पडतात, आणि माझा संशय कशावर आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी तिला घेऊन येते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
कापसाची काडी कायम पेटीत ठेवणारी एक नेमबाज